मागून म्हणणारे

१

बाराला दहा मिनिटं कमी असली की मी शिलाईचं मशीन थांबवायचो. कापड सुईखाली तसंच ठेवायचं, हातपाय धुवायचे, सदरा काढून खुंटीला अडकवायचा, कपाळावर पांढऱ्या मातीची उभी रेघ ओढायची, डोईला फेटा गुंडाळायचा आणि अंगण ओलांडून तांगलमध्ये जायचं. अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

तांगल म्हणजे आमच्या पंथाचे अवतारपुरुष अय्या, त्यांच्या सावलीची जागा, आमचं प्रार्थनाघर. आमची तांगल, नागरकोइलकडच्या समुद्रकाठच्या ताळैविळै या लहान गावाला साजेल एवढीच होती. एक लांबट खोली, चार खांब, पुढे लहानसा गाभारा. गाभाऱ्यात मूर्ती नसते, आरसा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना समया. समोर उभं राहिलं की माणसाला तो स्वतःच दिसतो. अय्यांचं सगळं सांगणं त्यातच आलं. पठण चालू असेपर्यंत आम्ही आरशावर भगवा पडदा ठेवतो. संपलं की पडदा सारायचा आणि सगळ्यांनी दर्शन घ्यायचं.

पठणाची रीत सोपी आहे. एकाने उभं राहून ओळ म्हणायची, बसलेल्यांनी ती मागून म्हणायची. मी लहान असताना मागून म्हणणारे साठ-सत्तर असत. होड्यांवरच्या माणसांना ते ऐकू जायचं आणि ते जेवायला परत फिरायचे. मग समुद्र एका सकाळी आत आला आणि ओसरला, पण विहिरी कायमच्या खाऱ्या करून गेला. ताडावर चढणारं कुणी राहिलं नाही. कुणी तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात गेलं, कुणी कोइमतूरला, कुणी आखातात. दर वर्षी दोन-तीन घरांना कुलूप लागायचं. शेवटी मागून म्हणायला एकटी अक्का उरली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तंगक्कनी. सत्ताविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा कडेवर मुलगी घेऊन ती परत आली. मी लग्न केलं नाही. कुणी विचारलं की मशीनकडे बोट दाखवायचो, "हिच्याशी झालंय." अक्का बायकांच्या बाजूला तिसऱ्या खांबाला टेकून बसायची. एका लांब ओळीत माझा श्वास नको तिथे तुटायचा, आणि पठण संपलं की ती न चुकता म्हणायची, "आजही तिथेच अडखळलास. त्या ओळीत खड्डा आहे का रे?"

ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास पाऊस चालू असताना, ती तीन दिवसांच्या तापाने गेली.

त्यानंतरही मी पठण तसंच चालू ठेवलं. ओळ म्हणायचो आणि मागून म्हणायला लागतो तेवढा वेळ गप्प उभा राहायचो. त्याशिवाय जमेना. पाऊण तासाचं पठण, त्यातला निम्मा वेळ शांतता. बाहेर ताडाची सुकी पानं एकमेकांवर घासायची, ती ऐकत पुढच्या ओळीची वाट बघायचो.

२

पोंगल होऊन आठवडा झाला असेल. त्या दुपारी वारा पडला होता. मी सातवी की आठवी ओळ म्हटली आणि थांबलो. ती ओळ मागून आली.

मोठ्याने नाही. तोंडात सुपारी धरून कुणी म्हणावी तशी, एका पुरुषाच्या आवाजात. मी वळून पाहिलं. खोली रिकामी होती. दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता, त्यात धूळ तरंगत होती.

पुढची ओळ म्हटली. मागून काही नाही. त्यापुढची म्हटली, तीही माझ्याकडेच राहिली. मी पठण पुरं केलं, पडदा सारला, आरशात माझा चेहरा पाहिला आणि घरी येऊन भात खाल्ला.

मी शिंपी माणूस. कापड तिरकं दिसलं तर आधी आपली कात्री तपासायची, ही सवय. गेल्या उन्हाळ्यात कौलं काढून पत्रे घातले होते. पत्र्याखाली आवाज फिरतो. संध्याकाळी परत जाऊन मध्ये उभा राहिलो आणि टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी मेली. हाक मारली, तीही. मग स्वतःलाच समजावलं की दुपारी पत्रा तापलेला असतो, संध्याकाळी नसतो, फरक पडणारच.

दुसऱ्या दिवशी तापलेल्या पत्र्याखाली टाळी वाजवून पाहिली. तीच गत.

आणि पठणात त्या दिवशी पाच ओळी मागून आल्या.

३

प्रतिध्वनी चुकीचंही तसंच्या तसं परत करतो. हे सुचायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी एका ओळीत मी मुद्दाम दोन शब्दांची अदलाबदल केली. लहान पोरांनाही चूक कळेल अशी.

मागून ओळ आली ती बरोबर आली.

खांबाला हात लावून उभा राहिलो. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीच्या खाली आणखी एक काहीतरी होतं. तीन महिन्यांत माझी चूक कुणी दुरुस्त केली नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्या एका आवाजाचे दोन झाले, मग चार. मागे वळलं की थांबायचे. म्हणून मी वळणं सोडलं. पडद्याकडे तोंड करून सरळ म्हणत राहायचो आणि कान पाठीला लावायचो. पुरुषांच्या बाजूने जास्त, बायकांच्या बाजूने थोडे. अक्काचा नव्हता. तिचा आवाज मला हजारात कळला असता, थोडा नाकातून यायचा.

गावात दुसरं उघडं घर इसक्किअण्णाचं. वय पंचाहत्तर, ताडाच्या पानांच्या टोपल्या विणायचा, अय्यांच्या नव्हे, तर कडुलिंबाखालच्या इसक्कीदेवीच्या भरवशावर जगायचा, आणि कानाने पार गेलेला. त्याच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. एका सकाळी मी त्याला भाकरीचं पीठ द्यायला गेलो तर म्हणाला, "काय रे तिरवियम, हल्ली दुपारची गर्दी असते तुझ्याकडे?"

मी हाताने विचारलं, कसली गर्दी?

"पठणाला रे. किती जण येतात? मला वाटलं गाव परत आलं. पण एकाही लेकाला म्हाताऱ्याला येऊन भेटावंसं वाटलं नाही."

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अण्णा, तुम्हाला ऐकू येतं?"

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग विणकाम परत हातात घेतलं.

"तुझं येत नाही," तो म्हणाला. "त्यांचं येतं."

४

फेब्रुवारीच्या मध्यावर मासी महिना लागला तोवर मी माणसं ओळखू लागलो होतो.

सुपारीवाला आवाज पहिल्या रांगेत बसणाऱ्या नल्लतंबींचा होता. ते वारून नऊ वर्षं झाली होती. मला वाटलं, जाऊ दे, गेलेली माणसं येत असतील. माणसाला एकटेपणात अशा गोष्टींचा आधार लागतो, आणि ज्याला लागतो त्याला त्या ऐकू येतात, एवढं समजण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर होतं. इसक्किअण्णाच्या बोलण्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. म्हातारा माणूस, त्याच्या कानात काहीही वाजत असेल.

मग एके दिवशी ओळीचा पहिला शब्द दोनदा आला. एकदा अडखळत, एकदा नीट. प्रत्येक ओळीला.

असं म्हणणारा ताळैविळैत एकच होता. धर्मराज, खालच्या गल्लीतला. आणि धर्मराज मेलेला नव्हता. तिरुप्पूरला शिवणाच्या कारखान्यात होता. ते काम त्याला मीच शिकवलं होतं.

संध्याकाळी त्याला फोन लावला.

"मामा! अय्या उंडु!" त्याने आमच्या पद्धतीने, अय्या आहेत, असा रामराम केला. "मा-मामा, तुम्ही आणि फोन? समुद्र परत आला की काय?"

"तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? वजन वाढलंय. बायको म्हणते, कापडाचे तागे खातोस का."

"दुपारी काय करत होतास? बारा वाजता?"

"बारा वाजता? जेवणाची सुट्टी. डबा खात होतो. का हो? स्वप्नात वगैरे आलो का मी? भाकरी मागितली असेल तर द्यायची होती."

त्याच्या मागे मशीनं चालत होती, कुणीतरी त्याला हाक मारत होतं. धडधाकट, जिवंत माणूस. मी म्हटलं, सहज फोन केला. फोन ठेवल्यावर बराच वेळ दोरा सुईत घालत बसलो आणि तो जाईना.

गेलेले आणि निघून गेलेले, असा भेद त्या खोलीत नव्हता. गावात जो मागून म्हणायचा, तो म्हणत होता.

मी पळालो नाही, याचं कारण सांगतो. रोज कुणाचा तरी नवीन आवाज मिसळत होता. त्या हिशेबाने अक्काची पाळी आज ना उद्या येणारच होती.

५

मरगदम अक्काची मुलगी. कोइमतूरला एका खासगी कंपनीत नोकरी करते. नवऱ्यापासून वेगळी राहते, ते का हे मी तिला कधी विचारलं नाही. आई गेल्यापासून दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तेच भांडण.

"मामा, या वेळी मी ऐकणार नाही. अवतार-उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येते. सामान बांधून ठेवा."

"इथलं कोण बघेल?"

"मी बोललेय सगळ्यांशी. हमरस्त्यावरचे तांगलवाले आरसा आणि समया नेतील, व्यवस्थित, वाजतगाजत. इथे कुलूप लावायचं. तुम्ही तिथे मरून पडलात तर मला कळायला आठवडा लागेल. इसक्किअण्णा शेजारी असून तुमची हाक ऐकणार नाहीत."

"मरायला अजून वेळ आहे."

"आईही असंच म्हणायची." मग म्हणाली, "मामा, माझ्याकडे आईचा आवाज नाही. एकदाही रेकॉर्ड केला नाही. फोटो आहेत ढीगभर. आवाज नाही."

मला सांगावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलं होतं. पण ती मला दुसऱ्या दिवशीच डॉक्टरकडे नेऊन बसवेल म्हणून गिळलं. शिवाय अक्काचा आवाज अजून मलाच मिळाला नव्हता.

"बरं," मी म्हटलं. "ये."

मग दुसरी अडचण पुढे आली. मासीच्या विसाव्या दिवशी अय्यांच्या अवताराचा उत्सव. त्या सकाळी नागरकोइलहून स्वामीतोप्पूला, अय्यांच्या मुख्य स्थानी, मोठी मिरवणूक निघते, आणि वाटेवरच्या गावांनी आपापला झेंडा घेऊन तिच्यात मिसळायचं. ताळैविळैचा झेंडा आजोबांपासून एकदाही घरी राहिला नव्हता. दुपारचं पठणही एकदाही चुकलं नव्हतं. आजवर मी झेंड्याबरोबर जायचो आणि अक्का मागे राहून पठण करायची. आता मी एकटा. दोन ठिकाणी कसा असणार?

इसक्किअण्णाला हातवाऱ्यांनी विचारलं, एक दिवस तुम्ही समई बघाल का?

"मी? माझी देवी माझे कान उपटेल. आहेत तेही जातील." मग गंभीर झाला. "झेंडा घेऊन जा, लेका. तुझी अक्का तापातही झेंडा-झेंडा करत होती. आणि पठणाचं काय, ते बघतील की. आहेत एवढे जण."

मी ठरवलं, हमरस्त्याला सकाळी मिरवणुकीत मिसळायचं, तीनेक मैल चालायचं, झेंडा कुणा चांगल्या माणसाच्या हाती द्यायचा आणि बाराच्या आत बसने परत यायचं.

६

त्या सकाळी समया तेलाने भरल्या, पडदा ओढला, तांगलला कुलूप लावून किल्ली कमरेला खोवली.

हमरस्त्यावर माणूस मावत नव्हता. पुढे फुलांनी मढवलेल्या गाडीवर अय्यांचा ग्रंथ, त्यामागे मोत्याच्या झालरींच्या छत्र्या, टिपऱ्या खेळणाऱ्या मुली, ढोल, आणि मग नजर जाईल तिथवर भगवे फेटे. एक जण अय्यांचं नाव घ्यायचा, हजारो मागून म्हणायचे. मीही म्हणत होतो. इतक्या आवाजांत एकही ओळखीचा नव्हता. आमचं गाव असताना आम्ही पन्नास जण एकमेकांच्या टाचा तुडवत चालायचो. आता माझ्या पुढे दुसरं गाव, मागे तिसरं, आणि मध्ये झेंडा धरून मी.

शेजारून चालणाऱ्या एका जाड्या बाईने झेंड्यावरचं नाव वाचलं. "ताळैविळै? अगं बाई, ते गाव अजून आहे?"

"आहे," मी म्हटलं. "मी आहे."

तिला वाईट वाटलं असावं. पिशवीतून केळं काढून तिने माझ्या हातावर ठेवलं. झेंड्याचं सांगितल्यावर म्हणाली, "द्या इकडे. माझा नवरा तसाही रिकाम्या हाताने चालतोय, घरी पण असाच असतो. अहो, धरा हा. खाली टेकवू नका. स्वामीतोप्पूपर्यंत नीट न्यायचा, समजलं?"

नवऱ्याने निमूटपणे झेंडा घेतला. मी हात जोडले आणि उलटा निघालो.

पण मिरवणुकीमुळे रस्ता बंद होता. बस नाही, रिक्षा नाही. दोन तास वाट काढत उलट्या दिशेने चाललो, मग रस्ता सोडून ताडांमधून आडवाटेने निघालो. घड्याळात बारा वाजून गेले तेव्हा मी गावाच्या बाहेर खाजणाच्या कडेला होतो. अडतीस वर्षांत पहिल्यांदा पठण चुकलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. ऊन असं होतं की ताडांच्या सावल्या त्यांच्या बुंध्यातच शिरल्या होत्या.

आणि मग पठण ऐकू आलं.

माझं मन एकदम हलकं झालं. शेजारच्या गावचं कुणीतरी येऊन वेळ सांभाळत असणार, इसक्किअण्णाने निरोप धाडला असणार. एक जण ओळ म्हणत होता आणि मागून म्हणणारे खूप होते, लहानपणी असायचे तितके. मी भराभर चालू लागलो. चालता चालता मीही मागून म्हणू लागलो.

ती लांब ओळ आली. पुढे म्हणणाऱ्याचा श्वास मध्येच तुटला. नको तिथे.

मी थांबलो. तो परत बोलू लागला तेव्हा नीट ऐकलं. स्वतःचा आवाज माणसाला चटकन ओळखू येत नाही. पण श्वास येतो.

दाराशी पोचलो. कुलूप होतं तसंच होतं. किल्ली माझ्या कमरेला.

मागच्या भिंतीला छातीएवढ्या उंचीवर एक गजांची खिडकी आहे. तिथवर मी भिंतीला हात लावून गेलो. भिंत आतून थरथरत होती, बस उभी असताना तिचा पत्रा थरथरतो तशी. खिडकीतून आधी काहीच दिसलं नाही, बाहेरच्या उन्हाने डोळे दिपले होते. मग पाय दिसले. पाय दुमडून बसलेल्या माणसांचे तळवे, ओळीने, माझ्याकडे वळलेले. भेगाळलेले, धुळीने पांढरे. त्यापुढे पाठी, फेटे, पदर. आणि सगळ्यात पुढे पडद्याकडे तोंड करून एक माणूस उभा होता. उघड्या पाठीचा, जरा डावीकडे झुकलेला. आयुष्यभर मशीनवर वाकलेला माणूस जसा झुकतो.

तिसऱ्या खांबाजवळची जागा खिडकीतून दिसत नव्हती, खांब आड येत होता. गजांना गाल लावला तेव्हा लुगड्याचं एक टोक तेवढं दिसलं. कुणाचंही असेल.

पठण संपत आलं होतं. शेवटच्या चार ओळी. त्यानंतर तो पडदा सारणार आणि खोलीतले सगळे चेहरे आरशात दिसणार, हे माझ्या लक्षात आलं. खांबाजवळचाही. मला फक्त उभं राहायचं होतं. चार ओळी. एवढ्याचसाठी तर दीड महिना मी तिथे जात होतो.

पण आरशात सगळ्यात आधी त्याचा चेहरा दिसला असता.

शेवटची ओळ झाली. त्याने उजवा हात पडद्याकडे नेला. पडद्याची कडी सरकल्याचा आवाज आला, आणि मी तोंड फिरवून पळालो. अंगणाबाहेरच्या चिंचेच्या झाडापर्यंत गेलो आणि बुंध्याला कपाळ लावून उभा राहिलो. मागे सगळं शांत झालं होतं. पानंही हलत नव्हती.

७

इसक्किअण्णाला हाताला धरून आणलं तेव्हा एक वाजला होता. त्याच्यासमोर कुलूप उघडलं. खोली रिकामी. जमीन सकाळी सारवली तशीच, त्यावर पावलाची खूण नाही. समया तेवत होत्या. पडदा मी ओढला होता तसाच ओढलेला. मी त्याला हात लावला नाही.

"सापबिप शिरलाय का?" अण्णाने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तो उंबऱ्यावर टेकला आणि माझ्याकडे कौतुकाने बघू लागला.

"आज छान झालं हो पठण," तो म्हणाला. "किती वर्षांनी तुझा आवाज ऐकला. आज तुझाही आला, त्यांच्यात."

दुसऱ्या दिवशी मरगदम गाडी घेऊन आली. हमरस्त्याच्या तांगलची माणसं आली, त्यांनी आरसा भगव्या कापडात गुंडाळून समयांसकट नेला. मरगदमने आईची दोन लुगडी आणि विळी घेतली. मी मशीन घेतलं. इसक्किअण्णा गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "जा, जा. मला काय, मला इथे सोबत आहे." मी त्याला डोळे भरून पाहिलं.

आता कोइमतूरला दीड वर्ष झालं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खाली बेकरी. मरगदम सकाळी आठला जाते, सातला येते. मी शेजाऱ्यांच्या पॅन्टी आखूड करून देतो, दूधवाल्याशी वाद घालतो. सगळं ठीक आहे. फक्त दुपारी बारा वाजले की माझा आवाज जातो. खाकरलं तरी घशातून काही येत नाही. पाऊण वाजला की परत येतो, थोडा बसलेला, खूप बोलून झाल्यावर असतो तसा. इथल्या तांगलवाल्यांनी एकदा मानाने पुढे उभं केलं, म्हणाले, तुम्ही जुने, आज तुम्ही म्हणा. मी तोंड उघडलं आणि नुसता उभा राहिलो. लोक चांगले आहेत. त्यांना वाटलं, गाव आठवलं असेल. डॉक्टरांनी संध्याकाळी पाच वाजता घसा तपासला आणि म्हणाले, काही नाही.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी बेल वाजली म्हणून दार उघडलं, गॅसवाला होता. तेवढ्यात मरगदमचा फोन आला. मी उचलून कानाला लावला, पण सव्वाबारा झाले होते. बोलता येईना. पलीकडून "मामा? मामा, सिलिंडर आला का?" एवढं ऐकलं. मग तीही गप्प झाली. बराच वेळ फोन चालू होता. मग बंद झाला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. चप्पलही काढली नाही.

"मामा, दुपारी घरात कोण होतं?"

"गॅसवाला. का?"

"तो नाही. तुम्ही पठण करत होता. मागून कितीतरी लोक म्हणत होते." तिने माझा हात धरला. तिची बोटं गार होती. "आई होती त्यात. सगळ्यांच्या नंतर, थोडी नाकातून. मामा, मला माझ्या आईचा आवाज कळत नाही का?"

मी तिला पाणी दिलं.

आता ती रोज बाराच्या ठोक्याला ऑफिसातून फोन करते. बोलत काही नाही. मीही बोलू शकत नाही. पाऊण वाजेपर्यंत फोन कानाला धरून मी खुर्चीत बसतो. तिकडे ती कुठल्याशा जिन्यात उभी राहून ऐकत असते, मध्येच तिच्या रडण्याचा श्वास येतो, कधी हसल्यासारखाही. खाली बेकरीत पाव भाजल्याचा वास सुटलेला असतो.

मला मात्र तिच्या श्वासाखेरीज काहीही ऐकू येत नाही.